सोळा औंस

चंदाची डाव्या हाताची पट्टी अर्धीच गुंडाळून झाली होती, तेव्हा मनिराम हॉलमध्ये आला. आत सगळे बूट घालूनच वावरत, तरी त्याने चपला दाराबाहेर काढून ठेवल्या.

"रेणूचा सामान न्याले आलो," तो म्हणाला.

योगराज सर लगबगीने उठले. कुडव्यातल्या या हॉलमध्ये ते नऊ वर्षं बॉक्सिंग शिकवत होते. तीन आठवड्यांपूर्वी इथेच सरावाच्या दुसऱ्या फेरीत चंदाचा उजवा ठोसा मनिरामच्या मुलीच्या, रेणूच्या, डाव्या डोळ्यावर बसला होता. डोळ्याच्या आतला पडदा फाटला. नागपूरला ऑपरेशन झालं. दिसेल तेवढं दिसेल, पण खेळणं संपलं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दोघीही साठ किलोच्या वजनगटातल्या. राज्य स्पर्धेला जिल्ह्यातून एकीलाच जायचं होतं. आता चंदा जाणार होती.

त्या दिवसापासून तिला काही वाटत नव्हतं. ती पहाटे उठायची, धावायची, उकडलेली अंडी खायची, बॅगवर तीन-तीन मिनिटं ठोसे मारायची. आईने विचारलं की बरी आहे म्हणायची, आणि म्हणताना ते खोटं आहे असंही वाटत नसे.

सरांनी रेणूचे बूट आणि दोरी पिशवीत भरून दिली. मनिराम पिशवी घेऊन उभाच राहिला.

"सर, माह्या पोरीले कोन्त्या ग्लोव्हजनं लागला?"

"सोळा औंसचे होते, काका. एकदम नियमात." सरांनी फळीवरून एक नवी लाल जोडी काढली. "मॅचमध्ये दहाचे घालतात. प्रॅक्टिसमध्ये सोळाचे. फोम जाडा असला की मार पसरतो, एका जागी घुसत नाही. ग्लोव्ह भारी, म्हणून हातही जरा धीमा जातो."

"मंग डोळा कसा गेला जी?"

"हेडगार्ड होतं, सगळं होतं. नसीब, काका. और क्या."

मनिरामने तो ग्लोव्ह हातात घेऊन तोलला. मग चंदाकडे वळला आणि उजवा तळवा तिच्यासमोर धरला. धानाच्या पेंढ्या बांधून घट्टे पडलेला, रुंद तळवा होता.

"मार बेटा. मले समजू दे."

"काका, ऐसा नको," सर म्हणाले.

"भांडाले नाही आलो जी. समजाले आलो."

चंदाने लाल ग्लोव्ह चढवला आणि मारला. उशीवर थाप पडावी तसा आवाज झाला. मनिरामचा हात मागे गेला, पुन्हा जागेवर आला.

"त्या दिवशी हेच होते?"

"हेच समजा. सगळे सोळाचेच आहेत," सर म्हणाले.

चंदा फळीपाशी गेली. खालच्या कप्प्यात, ओल्या टॉवेलांच्या मागे, जुनी काळी जोडी होती. तिने उजवा ग्लोव्ह घातला, दातांनी पट्टा ओढला आणि मनिरामच्या तळव्यावर मारला. तेवढ्याच जोराने.

या वेळी आवाज कोरडा आला. मनिरामने हात छातीशी घेतला. थोड्या वेळाने बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"हा बी सोळाचा?"

"हो जी."

"वजन तेवढाच?"

"तेवढाच. पन आतला फोम बसला आहे. पुढचा सारा सरकून मनगटाकडे आला. बोटांच्या गाठी सरळ भिडतात."

मनिरामने तिच्या हातातल्या ग्लोव्हवर अंगठा दाबला. चामड्याखाली त्याला तिची हाडं लागली.

"तुले मालूम होता?"

सर काहीतरी बोलणार होते. चंदा त्यांच्याआधी बोलली.

"होता. म्हणूनच घेतला."

 सर बाकावर बसले. चंदाने ग्लोव्ह काढला. मनिराम आता मारेल, ओरडेल, असं तिच्या मनात आलं, आणि ते दुसऱ्या कुणाबद्दल असावं तसं आलं.

"रेणू तं घरी म्हनते का तिचीच चूक झाली," मनिराम सावकाश म्हणाला. "म्हनते, मीच बेसावध होतो बाबा. रोज तेच. मले का सांगून राहिली? तिले सांग."

सर उठले. "चंदा, सिलेक्शनचा मी काय करू?"

"तुम्ही पाहा, सर," ती म्हणाली आणि मनिरामच्या मागे निघाली.

देवरीच्या बसमध्ये दोघं एकाच बाकावर बसले. पिशवी मध्ये होती. आमगाव गेलं, जंगल लागलं.  मनिरामच्या गावाच्या फाट्यावर उतरताना पायरी उंच होती, तेव्हा त्याने सवयीने तिच्यासाठी हात पुढे केला आणि मग मागे घेतला.

रेणू पडवीत खाटेवर बसली होती. डोळ्यावर काळा चष्मा. चंदाला पाहून ती हसली.

"अवं, तू? तयारी सोडून कायले आली?"

चंदा उभ्यानेच बोलली. जुनी काळी जोडी, बसलेला फोम, त्या सरावाच्या आदल्या दिवशी बॅगवर मारून पाहिलेला फरक, सगळं. तिचा आवाज सपाट होता, हजेरी द्यावी तसा. "तुही काही चूक नव्हती," ती शेवटी म्हणाली. "तू बराबर खेळून राहिली होती."

रेणूने तिच्याकडे पाहिलं. मग चष्म्याची काडी नीट केली.

"आई," तिने आत हाक दिली. "हिले जेवल्याबिगर जाऊ देऊ नोको."

ती उठली, भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली.

रेणूच्या आईने, रुख्माने, पाट मांडला. ती दाराआड होती, तिने सगळं ऐकलं होतं. ताटात भात वाढला, वरण वाढलं. चंदा बसली, कारण बस म्हटलं होतं. मनिराम अंगणातल्या बाजेवर पाठमोरा बसून राहिला.

आतून आवाज आला. आधी दबलेला, मग मोठा. रेणू रडत होती.

चंदा अर्धवट उठली.

"बस," रुख्मा म्हणाली. "दवाखान्यातून आली तवापासून एक डाव बी रडली नाही पोरगी. रडू दे."

तिने चंदाकडे पाहिलं नाही. पातेलं पुढे ओढलं आणि ताटात आणखी भात घातला.

चंदाने त्यात हात घातला. भात गरम होता. बोटं पोळली, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिला ते जाणवलं.