बाबा दारातून काय म्हणाले

देवाजी घरातून निघताना नंदिनीशी बोलून निघाले, एवढं नक्की होतं. काय बोलले, हेच तिला आठवत नव्हतं. बेसा भागातल्या त्या फ्लॅटमध्ये सकाळी दुसरं कोणीच नव्हतं, त्यामुळे सासऱ्यांचा सगळा ठावठिकाणा तिच्या एकटीच्या कानात अडकून पडला होता. आता दुपार टळत आली होती आणि त्यांचा फोन पलंगावरच पडून होता.

"मिक्सर चालू होता जी," ती नवऱ्याला, मुकुंदला म्हणाली. "कानावर पडलं, पण ध्यान नव्हतं माझं."

बाकी सगळं आठवत होतं, हीच तर चीड आणणारी गोष्ट. शेंगदाण्याची चटणी, मिक्सरचं थरथरणारं झाकण, बाबांचा इस्त्रीचा पांढरा सदरा. मनाने फुकटची अडगळ जपून ठेवली होती आणि कामाचं तेवढं फेकून दिलं होतं. सासूबाई जिजाबाई गेल्यावर बाबांना सावनेरहून इथे आणलं, तेव्हापासून ते बोलायचेच मुळी कमी. त्यातलेही चार शब्द आपण धड ऐकले नाहीत, या विचाराने तिला रडू फुटत होतं.

मुकुंद माणूस वाईट नव्हता, पण घाबरला की हुकूम सोडायचा. त्याने रिकामा मिक्सर लावला, तिला ओट्याशी उभं केलं आणि स्वतः दारात जाऊन उभा राहिला.

"आठव ना वं आता. सावनेर म्हणे काय? का जरीपटक्याच्या आत्याकडे?"

मिक्सर घरघरत राहिला. मुकुंद एकेका गावाचं नाव घेई आणि तिला प्रत्येक नाव ऐकल्यासारखं वाटे. थोड्या वेळाने तर सगळीच खरी वाटायला लागली. शेवटी त्याचा चेहरा बघवेना, म्हणून ती म्हणाली, "सावनेरच असंल."

पोलिसांनी फोटो ठेवून घेतला आणि तोच प्रश्न विचारला. आत्याकडे ते नव्हते. सावनेरच्या घराला कुलूप आहे, असं तिथल्या शेजाऱ्यांनी कळवलं, तरी आसपास बघून यावं असं ठरलं. खालच्या मजल्यावरचे वामनराव स्वतःची गाडी घेऊन निघायला तयार झाले. त्यांना चहा देऊन नंदिनी कप विसळत दाराकडे पाठ करून उभी होती.

"येतो वं नंदिनी," वामनराव दारातून म्हणाले.

"या काका," ती न वळताच म्हणाली, आणि तिचा हात थांबला.

घराबाहेर पडताना माणूस 'जातो' म्हणत नाही. देवाजींचा तर याबाबतीत भारी कटाक्ष. नंदिनी नवी नवरी असताना एकदा 'जाते' म्हणाली, तर त्यांनी तिला जिन्यातून परत बोलावलं होतं आणि 'येते' म्हणवून घेतल्यावरच सोडलं होतं.

आज सकाळी त्यांनी कुठल्या गावाचं नाव घेतलंच नव्हतं. 'जातो वं पोरी,' एवढंच म्हणाले होते. आणि तिने पाठमोरीच, सवयीने म्हटलं होतं, 'या बाबा.'

जिन्यातून मुकुंदने आवाज दिला. "काही आठवलं काय वं?"

तिने नळ बंद केला. खाली गाडी सुरू झाली होती.

"नाही जी," ती म्हणाली. "तुम्ही सावनेरले जाऊन या."