परीक्षेच्या दालनातल्या लोकरी सपाता

मी उजव्या पायातली सपात बोलतेय. डावी माझ्या शेजारीच आहे, पण ती पहिल्यापासून अबोल. तसा माझाही स्वभाव बोलका नाही. आवाज न करणं, हेच माझं आयुष्यभराचं काम.

माझा जन्म एका चुकीतून झाला. नॉर्वेतल्या बर्गन शहरातल्या बॉर्गहिल्डने नवऱ्यासाठी, अर्नफिनसाठी, राखाडी लोकरीचा स्वेटर विणला होता. त्यात तिचा सबंध हिवाळा गेला. अर्नफिनने तो कढत पाण्यात धुतला. यंत्रातून बाहेर निघाला तो निम्मा होऊन, आणि पुठ्ठ्यासारखा जाड.

"हा आता मांजराला होईल," बॉर्गहिल्ड म्हणाली.

"आपल्याकडे मांजर कुठेय?"

"आता स्वेटर तरी कुठेय?"

त्याच वर्षी दोघं निवृत्त झाली होती आणि विद्यापीठात परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून जाणार होती. आलेल्या पत्रात एक ओळ होती: आवाज न होणारी पादत्राणं घालावीत. अर्नफिनने ती फारच मनावर घेतली. आटलेल्या स्वेटरमधून त्याने आम्हाला कापलं आणि तळाला जुन्या खुर्चीचं मऊ चामडं शिवलं. उरल्या लोकरीतून बॉर्गहिल्डसाठी एक लहान जोडी झाली.

पहिल्यांदा त्या दालनात पाऊल पडलं तेव्हा मी बिचकलेच. एरवी तिथे चेंडू खेळतात. त्या दिवशी तीनशे टेबलं मांडलेली होती, तीनशे माणसं बसलेली होती, आणि कळफलकांच्या बारीक टकटकीशिवाय कसलाच आवाज नव्हता. एवढी माणसं एकत्र येऊन इतकी गप्प राहू शकतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

मला वरचं फारसं दिसत नाही, ते मी बोलण्यावरून आणि अंगावरच्या वजनावरून ओळखते. मला पाय दिसतात. इथली मुलं बूट काढून नुसत्या मोज्यांवर बसतात, त्यामुळे पाय मोकळेपणाने वागतात. उत्तर सुचलं की अंगठा वर उचलला जातो. वेळ कमी उरला की टाचा नाचू लागतात. डब्यातला पावाचा काप कागदातून सोडवताना कुरकुर वाजू नये म्हणून मुलं इतकी जपतात की त्यांची बोटं मोज्यात आवळली जातात. आणि ज्याच्या मनात काही वेगळं असतं, त्याचे पाय खुर्चीखाली मागे ओढलेले असतात.

तसे पायही मी पाहिले. एक मुलगा स्वच्छतागृहात गेला तो पंधरा मिनिटं बाहेर येईना. अर्नफिन दाराबाहेर उभा होता. "बाबा रे, वेळ तुझा चाललाय," तो म्हणाला. आतून काहीतरी पाण्यात पडल्याचा आवाज आला. तो फोन होता. बाकीचे पर्यवेक्षक नंतर हसले, अर्नफिन मात्र हसला नाही. घरी जाताना ट्राममध्ये तो बॉर्गहिल्डला म्हणाला, "एकाचा फोन सापडला, हे सगळे सांगत बसतील. बाकीचे दोनशे नव्याण्णव आपण नसतो तरी असेच लिहीत बसले असते. त्याचं कुणाला काहीच कसं वाटत नाही?"

त्याला वाटायचं. दर सत्रात वाटायचं. म्हणून तो इतक्या हळू चालायचा.

नऊ वर्षं मी त्याच्या पायात होते. दहाव्या वर्षी, फेब्रुवारीत, तो गेला. मी दाराजवळ भिंतीकडे तोंड करून राहिले. मे महिन्यात बॉर्गहिल्डने मला उचललं आणि दोन मोजे चढवून पाय आत घातला. तिची स्वतःची जोडी धडधाकट होती. ती तिने घातली नाही.

तो कायद्याचा पेपर होता. या पेपरला मुलांना कायद्याचं जाडजूड पुस्तक जवळ ठेवता येतं. ओळी अधोरेखित केलेल्या चालतात, समासात कलमांचे आकडे लिहिलेले चालतात. शब्द मात्र एकही चालत नाही. पहिल्या तासात पर्यवेक्षक प्रत्येकाचं पुस्तक चाळतात आणि तपासल्याच्या चिठ्ठीवर सही करतात. बॉर्गहिल्ड रांगेने चाळत गेली, सह्या करत गेली. त्या दिवशी तिची पावलं थोडी अडखळत होती. मी तिला मोठी होत होते.

दोन तासांनी चौथ्या रांगेत हात वर झाला. मुलीच्या टेबलावर नाव होतं टिरिल. तिचे पाय जमिनीवर घट्ट टेकलेले होते.

"बॉर्गहिल्ड," छातीवरची पट्टी वाचून ती कुजबुजली, "तुझ्याकडून एक पान राहिलं."

"राहिलं म्हणजे?"

"दोन पानं जॅमने चिकटली होती. आत्ता सुटली. आत माझं अक्षर आहे. अभ्यास करताना पेन्सिलीने लिहिलेलं. बाकीचं सगळं मी खोडलं होतं."

"काय लिहिलंयस?"

"दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. जवळजवळ सगळंच."

बॉर्गहिल्डचा हात खिशात गेला. खिशात रबर असतं, मुलांना लागतं म्हणून. तिचं सगळं वजन माझ्यावर आलं आणि तसंच राहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. दोनदा रबर फिरवलं असतं तर काम झालं असतं.

"तू ते वाचलंस?" तिने विचारलं.

"वाचलं. आता वाचलं नाही असं कसं करू?"

हात रिकामाच बाहेर आला.

"हे मला लिहून द्यावं लागेल. कदाचित दोन सत्रं बाहेर बसवतील तुला."

"माहीत आहे." मग जरा थांबून, "तोवर बाकीचे प्रश्न लिहू ना?"

बॉर्गहिल्ड दालनप्रमुखाकडे गेली. गुडमुन नावाचा तो निवृत्त बोटकप्तान. त्याने ऐकून घेतलं आणि चिठ्ठी पाहिली.

"अगं, सही तुझी आहे खाली. तुझंही नाव त्यात येईल. पुढच्या सत्रात बोलावतील की नाही, देव जाणे."

"म्हणून काय लिहायचं नाही?"

"तिला रबर दिलं असतंस तर मी काही बघितलं नसतं."

"हात गेला होता खिशात," बॉर्गहिल्ड म्हणाली. "पण ती पोर हात वर करून बसली होती, गुडमुन. मग मी तिच्यासमोर काय करणार होते?"

गुडमुनने पेन पुढे केलं. तिने लिहिलं आणि वाचून दाखवलं: विद्यार्थिनीने स्वतः सांगितलं. पुस्तक मी तपासलं होतं. मला दिसलं नव्हतं.

वेळ संपायच्या आधी ती आणखी एकदा चौथ्या रांगेत गेली. टिरिल सामान आवरत होती.

"दुसरा प्रश्न?"

"कोरा सोडला."

मी इतके पाय पाहिले, पण सांगते, त्या मुलीच्या पायांशी थांबले तेव्हा ते नीट बघून घेतले. पिवळे मोजे होते, एका अंगठ्याला भोक पडलेलं. इतक्या साध्या पायांवर एवढं मोठं काही उभं असेल, असं कुणाला वाटलं नसतं. बाहेर पडल्यावर बॉर्गहिल्ड मला न बदलताच ट्रामच्या थांब्यावर येऊन उभी राहिली. अर्नफिन गेल्यापासून पहिल्यांदाच तिची पावलं माझ्यात स्थिर होती.

तीन आठवड्यांनी विद्यापीठाचं पत्र आलं. टिरिलला बाहेर बसवलं नाही, पण कोऱ्या प्रश्नासकट पेपर तपासला गेला आणि ती जेमतेम पास झाली. एका वकिलाने कबूल केलेलं उन्हाळी काम त्या निकालामुळे हातचं गेलं. डिसेंबरात ती गुण वाढवायला परत बसली. बॉर्गहिल्डलाही बोलावणं आलं होतं. त्या वेळी टिरिलने पुस्तक पुढे केलं आणि म्हणाली, "सावकाश बघ, मला घाई नाही." दोघी पान पान उजेडात धरून बघत राहिल्या.

आता माझं सांगायचं तर तळाचं चामडं सुटलंय. पाऊल उचललं की फटफट वाजते. परवा पहिल्या रांगेतल्या एका मुलाने मान वर केली, तेव्हाच मी ओळखलं, माझं इथलं काम संपलं. बॉर्गहिल्डने घरी जाऊन तिची लहान जोडी काढली. मला टाकलं नाही, दाराजवळ ठेवलंय. या वेळी तोंड खोलीकडे करून.

तुम्ही परीक्षेला बसाल तेव्हा कुणी म्हातारं माणूस तुमच्या मागून हळू चालत जाईल. ते पाळत ठेवतंय, असं वाटून अंग चोरू नका. तुम्ही लिहीत असता, हेच त्याला फार मोठं वाटत असतं. तुमची तंद्री मोडू नये म्हणून ते इतकं हळू चालतं. तुम्ही लिहीत राहा.