बर्फाचे धडे

आमचे डॉक्टरसाहेब, म्हणजे माझा नवरा अंबरीश, एरवी इथे आयर्लंडमध्ये, नास गावच्या हॉस्पिटलात पेशंट तपासतात आणि हिवाळा आला की बर्फापायी वेडे होतात. साधं स्कीइंग नव्हे, पावडर हवी. रात्रीत पडलेला, कुणी न तुडवलेला, गुडघाभर भुसभुशीत बर्फ. इथे तो कुठला पडायला! म्हणून दर ख्रिसमसला ऑस्ट्रिया.

यंदा आमच्या लेकीला, पूर्वीलाही, उतारावर नेलं. ती बारा वर्षांची. तिच्या पायातली एक स्की निसटून बर्फात गडप झाली. बाबा मात्र पुढे निघून गेला, कारण इतरांनी तुडवायच्या आत त्याला तो उतार हवा होता. पोरगी एकटीच हातांनी बर्फ उकरत राहिली. शेवटी एका अनोळखी बाईनं तिला हॉटेलवर आणून सोडलं.

"आई, प्लीज, डोन्ट से एनिथिंग टू हिम," ती म्हणाली. सुट्टीचा विचका नको म्हणून मीही गप्प बसले.

आणि परवा इथल्या मराठी मंडळाच्या तिळगूळ समारंभात साहेबांचं भाषण, 'पावडरनं मला काय शिकवलं'. धीर धरा, तोल सांभाळा, आणि सोबत्याला कधीही नजरेआड करू नका! धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

भाषण संपल्यावर मंडळातल्या रेवतीताईंनी सगळ्यांसमोर कौतुकानं विचारलं, "काय गं पूर्वी, बाबा थांबतो ना तुझ्यासाठी?"

"ऑल्वेज," पूर्वी पटकन म्हणाली. "ही'ज ग्रँड."

पोरीनं बापाची लाज राखली. अंबरीशचा चेहरा मात्र पडला. त्यानं पुन्हा माइक हातात घेतला.

"खोटं बोलतेय ती. मी तिला मागे टाकून गेलो होतो." मग त्यानं सगळं सांगितलं.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट. केवढा हा प्रामाणिकपणा! अध्यक्षांनी त्याला शाल पांघरवली, नारळ दिला. त्या गडबडीत पूर्वी कधी उठून गेली, कुणाला कळलंच नाही.

ती पार्किंगमध्ये सापडली. अंगात कोट नाही, नुसती कुडकुडत होती.

"बाबानं चूक कबूल केली ना, राणी," मी म्हटलं.

"ही मेड मी अ लायर. इन फ्रंट ऑफ एव्हरीवन." मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "अँड यू क्लॅप्ड, आई."

वाजवल्या होत्या मी. माझे तळहात अजून चुरचुरत होते.