मृत्यूनंतरची सही

मी दिल्लीत, मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहतो. यूपीएससीचा अभ्यास, आणि खर्चापुरतं लोकांच्या वंशावळी कॉम्प्युटरवर भरून देतो. कुणी शिकवलं नाही, व्हिडिओ बघून शिकलो.

इथल्याच द्वारका भागातल्या भानुमती मावशींनी सासरची वंशावळ दिली होती. मृत्युपत्रं भरताना सॉफ्टवेअर सारखं लाल होतं, "घटना मृत्यूनंतरची." आता मृत्युपत्राची नोंदणी बऱ्याचदा माणूस गेल्यावरच होते ना! म्हणून मी 'दुर्लक्ष करा' दाबत सुटतो. अकरा वेळा दाबलं.

बारावं लाल दिनकरकाकांवर आलं. मावशींचे यजमान. हे नोंदणीचं नव्हतं, सहीचं होतं. मृत्यू ७ एप्रिल २००७. मृत्युपत्रावरची सही १९ एप्रिल.

 त्याच कागदावर फ्लॅट मावशींना मिळालाय; तो खोटा ठरला, तर जुन्या मृत्युपत्राने फ्लॅट काकांच्या पुतण्याकडे जाईल.

तेवढ्यात त्या पुतण्याचाच, सुजयचा फोन. "झाली का रे वंशावळ?" मी घाबरलेलो, सहीचं सगळं बोलून बसलो. त्याने दोन्ही तारखा परत विचारून घेतल्या. मग, "अच्छा. काकूला काही सांगू नकोस. उद्या अकराला तिच्याकडे वकील घेऊन येतो."

 सकाळी नऊलाच मावशींकडे पोचलो.

"एवढ्या लवकर? खाऊन आलास का उपाशीच?" त्यांनी पोह्यांची प्लेट पुढे केली. मी चमचा तसाच खाली ठेवला. ह्या बाईने खोटी सही केली असेल? आणि केली नसेल, तर मी काय करून ठेवलंय?

"मावशी, काका नक्की कधी गेले?"

"वैशाख वद्य पंचमी. सांगितलं होतं की तुला."

"इंग्रजी तारीख?"

"श्राद्ध तिथीने करते रे, तारीख कोण लक्षात ठेवतं? उन्हाळा होता. पुण्याहून आंब्याची पेटी आली होती, ती तशीच राहिली."

"मृत्यूचा दाखला?"

"सुजयकडे. वीजमीटर नावावर करून देतो म्हणून फाइल नेली, ती आणलीच नाही."

म्हणजे खरी तारीख त्याच्याकडे आहे. तरी तो वकील आणतोय. 

मोबाइलमधलं पंचांग उघडलं. शहर, दिल्ली. पण मावशींची तिथी पुण्याकडच्या पंचांगाची असणार, म्हणून शहर पुणे केलं. तारीख उडी मारून ७ मेवर गेली.

दिल्लीवाल्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे वद्य पक्षात इथल्या महिन्याचं नाव एक पुढे असतं. त्यांच्या वैशाखातली ती पंचमी आपल्या चैत्रात येते. मी मराठी तिथी दिल्लीच्या पंचांगात टाकली होती. मूर्ख!

तारीख बदलली. लाल गेलं. मावशींकडूनच सुजयला लगेच फोन करून सगळं सांगितलं.

"म्हणजे काकूच्या घरी बसून तारीख बदललीस?" तो हसला. "वा. बिल्कुल हेच सांग वकिलाला."

दहा वाजून वीस मिनिटं. एकच सुचलं. वंशावळीसाठी मलाही घेतलेल्या घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, चाळीस जणांसमोर, सगळं लिहिलं. चूक माझी, पंचांग दिल्लीचं, सुजयला मीच चुकीचं सांगितलं. शेवटी, "सुजयदादा, दाखल्याचा फोटो टाका."

त्याने वाचलं.  पावणेअकरा. लिफ्टचा आवाज आला की मी दाराकडे बघायचो.

मग फोटो आला. सुजयने नाही, त्याच्या बायकोने, सुखदाने टाकला. दाखला. ७ मे २००७. खाली तिने एवढंच लिहिलं, "फाइल आमच्याकडेच आहे, काकू. संध्याकाळी आणून देते."

अकरा वाजून गेले. बेल वाजली नाही.

मावशींनी चष्मा लावून सगळं पहिल्यापासून वाचलं. दोनदा. मग माझ्याकडे बघितलं.

"तुला पण वाटलं ना, मी केलं असेल?"

खोटं बोलता आलं असतं.

"हो, मावशी."

त्यांनी पोह्यांची प्लेट उचलली आणि आत गेल्या. मी लॅपटॉप उघडून ते अकरा इशारे परत काढले. आता एकेक नीट वाचतोय, 'दुर्लक्ष करा' दाबण्याआधी प्रत्येक तिथी पुण्याच्या पंचांगात ताडून बघतोय.