डावीकडचा उतार

वडिलांनी खुर्ची पुढे ओढली, माउस उचलून त्याची खालची बाजू पाहिली आणि तो पुन्हा जागेवर ठेवला.

"सुरू करू?"

कोणीच उत्तर दिलं नाही. तसा नियमच होता. खेळ तपासायला आणलेला माणूस खेळायला बसला की बनवणाऱ्यांनी त्याच्या पाठीमागे बसायचं आणि तोंडात मिठाची गुळणी धरायची. तो अडो, चुको, वैतागो, आपण फक्त लिहायचं. उद्या खेळ घरोघरी गेला की प्रत्येकाच्या पाठीशी आपण थोडेच उभे राहणार, असं कप्तानाचं म्हणणं होतं. कप्तान म्हणजे त्यांच्यातला सर्वांत उंच मुलगा. जन्मात त्याने मैदानावर पाऊल टाकलं नव्हतं, पण हुकूम सोडायची हौस दांडगी, म्हणून हे नाव. त्याच्या शेजारी बसलेली रंगारीण खेळातली चित्रं काढायची. आणि नकाशा तिचा होता, म्हणजे जिचे वडील खेळायला बसले होते तिचा.

शेवटच्या वर्षाचं काम उद्या दुपारी कॉलेजात द्यायचं होतं. नऊ जण खेळून गेले होते. दहावा ऐनवेळी आलाच नाही, तेव्हा तिने वडिलांना ओढून आणलं. त्यांची आज साप्ताहिक सुट्टी होती. ते शहराच्या बसवर ड्रायव्हर होते आणि निवृत्तीला आठ महिने उरले होते. मोबाइलवर पत्त्यांचा डावही त्यांनी कधी लावला नव्हता. असाच कोरा माणूस हवा होता.

खेळ सरळ होता. मधोमध किल्ला, उजवीकडे शेतं, डावीकडे नदी. शेतातलं धान्य गाड्यांनी किल्ल्यात आणायचं आणि सैन्य पोसायचं. नदीला एकाच ठिकाणी उतार होता, गुडघाभर पाण्याचा. शत्रू तिथूनच अलीकडे यायचा. येण्याआधी अख्खं एक मिनिट त्याची लाल निशाणं पलीकडच्या काठावर फडफडायची. ती पाहून पहारा बसवला की निभावलं. त्या उताराची जागा नक्की करायला तिचे चार महिने गेले होते. तो बोटभर इकडेतिकडे सरकला तरी कुठे धान्य सडायचं, कुठे शत्रू वाटेतच उपाशी मरायचा.

वडील खेळू लागले आणि कप्तानाची पेन्सिल पळायला लागली. बाकीच्या नऊ जणांनी साऱ्या गाड्या एकदम सोडून दरवाजात चक्काजाम केला होता. वडिलांनी एक गाडी आत शिरल्यावरच दुसरी हलवली. डेपोतली शिस्त होती ती. कोठार भरत चाललं. तिला मनातून बरं वाटलं, थोडा अभिमानही वाटला.

मग काठावर लाल निशाणं आली.

वडील शेतांकडे बघत होते. मिनिट संपलं. शत्रू पाण्यातून आला आणि किल्ला पडला.

"कुठून आले हे?"

वडील हसले, गालावरून हात फिरवला आणि दुसरा डाव मांडला. तोही तसाच गेला. तिसऱ्या डावात त्यांनी शेतांच्या बाजूला जय्यत पहारा बसवला, आणि शत्रू डावीकडून आरामात आत आला.

"लक्ष नाही यांचं," रंगारीण तिच्या कानात पुटपुटली.

लक्ष होतं. तेच तर तिला कळत नव्हतं. खेळणारा कुठे कुठे क्लिक करतो त्याचे ठिपके कप्तानाच्या लॅपटॉपवर उमटत होते, ते तिने वाकून पाहिले. किल्ल्यावर ठिपके होते, शेतांवर तर गर्दी होती. नदीच्या अंगाला एकही ठिपका नव्हता. तीन डावांत एकदाही नाही.

गेल्या महिन्यात बसचा डाव्या बाजूचा पत्रा दोनदा घासला होता. रस्ता अरुंद आहे, असं वडील म्हणाले होते. घरी ताटाच्या डावीकडे ठेवलेला पेला त्यांच्या हाताने हटकून लवंडायचा आणि आई म्हणायची, तुमचं चित्त कुठे असतं हो. उद्या सकाळी सहाची पहिली गाडी वडिलांचीच होती.

तिने वहीत काहीच लिहिलं नाही.

चौथ्या डावाआधी वडिलांनी खुर्ची दोन वीत डावीकडे सरकवली, मॉनिटर किंचित आपल्याकडे वळवला आणि मान तिरकी धरली. यात कुठे चाचपडणं नव्हतं. रोज सकाळी सीट आणि आरसे जुळवून घ्यावेत तसं त्यांनी ते केलं. ते पाहून तिला जे कळलं ते आधीच्यापेक्षा वाईट होतं. त्यांना माहीत होतं.

या वेळी निशाणं त्यांना लगेच दिसली. त्यांनी उतारावर पहारा बसवला आणि किल्ला राखला. रंगारिणीने टाळ्या वाजवल्या.

"जमलं की!" वडील म्हणाले आणि दाराशी ठेवलेल्या बाटलीतलं पाणी प्यायला उठले.

कप्तान मात्र कागद चाळत होता.

"तीनदा हरले. निशाण दिसतच नाही म्हणजे."

"बाकी सगळ्यांना पहिल्या झटक्यात दिसलं," रंगारीण म्हणाली.

"ते सगळे रात्रंदिवस खेळणारे. नवखे काका एकटेच. उतार उजवीकडे घेऊ, शेतांजवळ."

"म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडं?"

"आपल्या धंद्यात अंगणच सरळ करायचं असतं." तो तिच्याकडे वळला. "तुझा नकाशा आहे. तू सांग."

नकाशात खोट नाही, एवढं म्हटलं की पुढचा प्रश्न येणारच होता, मग खोट कुठे आहे. आठ महिने, तिने मनात म्हटलं. आठच महिने. त्या आकड्याच्या मागोमाग तिला गाडीतली माणसंही आठवली, दांड्याला धरून उभी असलेली.

"हलवू," ती म्हणाली.

तिने नकाशा उघडला आणि उतार पुसला. नदी सलग निळी झाली. चार महिन्यांचं काम जायला दोन क्लिक पुरल्या.

"हे काय करतेस?" वडील मागे येऊन उभे होते.

"उतार हलवतेय, बाबा."

"का?"

"तुमच्यामुळेच कळलं, काका," कप्तान उत्साहाने म्हणाला. "निशाण तिथे नीट दिसत नाही."

वडिलांनी लेकीकडे पाहिलं. ती कीबोर्डकडे बघत राहिली. बाटलीचं झाकण त्यांनी घट्ट लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"नकाशाला हात लावू नका," ते म्हणाले. "मला डावीकडचं दिसत नाही."

कप्तानाने हातातले कागद खाली ठेवले.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"झाले पाच-सहा महिने. समोरचं सगळं दिसतं. डोळे तपासताना अक्षरं समोरच लावतात ना."

"आईला?"

"नाही सांगितलं."

"आणि गाडी?"

"मान फिरवतो ना मी. सारखी फिरवतो." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "ते निशाण किती वेळ होतं?"

खोटं बोलावंसं तिला फार वाटलं.

"एक मिनिट."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"तिन्ही वेळा?"

"हो."

वडील पडद्याकडे बघत राहिले. तिथे आता फक्त नदी होती. मग त्यांनी मान हलवली, बाटली टेबलावर ठेवली आणि ते बाहेरच्या व्हरांड्यात गेले. दार अर्धं उघडं होतं. रंगारिणीने उठून ते लावायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. लेकीने नकाशावर तो पुसलेला उतार परत आणला.

बाहेरून वडिलांचा आवाज येत होता, नेहमीचाच, डेपोत बोलतानाचा.

"हां साहेब, मीच. उद्याची सहाची गाडी दुसऱ्या कोणाला द्या."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नाही, ताप वगैरे काही नाही."

पुन्हा काहीतरी विचारलं गेलं.

"नाही साहेब," वडील म्हणाले. "उद्यापुरतं नाही."