आरशांसाठी घेतलेलं कार्ड

आमचे हे कारखान्याच्या कामगारांची बस चालवायचे. उजाडायच्या आत पहिली फेरी, दिवे लागल्यावर शेवटची. घरी आले की हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि कॉम्प्युटरपुढे बसून ट्रक चालवायचे. खेळातला ट्रक.

"दिवसभर स्टिअरिंग धरून पोट भरत नाही का तुमचं?" मी विचारायचे.

"इथे मागे कोणी बसलेलं नसतं," ते म्हणायचे.

कॉम्प्युटर लेकीच्या ऑफिसने मोडीत काढलेला होता. पत्रं लिहायला, हिशेब करायला ठीक, पण खेळ सुरू केला की चढावर भरलेली गाडी टाकते तशा धापा टाकायचा. दुरून डोंगर साजरे म्हणतात, ह्यांच्या खेळात ते दुरूनही साजरे नव्हते. नुसते राखाडी ठोकळे. तेही ह्यांनी चालवून घेतलं असतं. आरसे मात्र चालवून घेता येईनात. ट्रकच्या दोन्ही बाजूंचे आरसे वाफ धरल्यासारखे दिसायचे आणि त्यातला रस्ता अडखळत, तुटत तुटत सरकायचा.

"पुढचं काय, कोणीही बघतं," ते म्हणाले. "ड्रायव्हर तो, ज्याला मागचं दिसतं. मला ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय."

ते काय असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पडद्यावरचं चित्र काढायचं काम कॉम्प्युटरकडून काढून घेऊन स्वतः करणारी ती एक वेगळी चीज, असं मला समजलं. मग ह्यांचा अभ्यास सुरू झाला. फोनवर व्हिडिओ बघायचे, एका कार्डाची दुसऱ्याशी तुलना करायचे, जेवताना मला सांगायचे. मी शिवणकामवाली. कपडे लहानमोठे करून देते, रफू करते. माझी मापाची टेप घेऊन त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला आणि आत किती लांबीचं कार्ड मावेल ते मोजलं. दोनदा मोजलं. आमच्या लग्नाच्या वेळी पलंग घेताना एवढं मोजलं असतं तर तो दारातून आत तरी आला असता.

दुकानवाली लेकीच्या वयाची होती. चष्मा डोक्यावर चढवलेला, हातात छोटा स्क्रू-ड्रायव्हर.

"काका, कुठले गेम खेळता?"

"एकच. ट्रकचा."

"मग हे मधलं घ्या. भरपूर झालं."

"आणि ते वरचं?"

"ते उत्तमच आहे. पण तुमचा कॉम्प्युटर जुना. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होईल."

"आरसे स्वच्छ दिसतील?"

"मधल्यातही दिसतील, काका."

त्यांनी वरचं खाली काढायला लावलं. तीन पंख्यांचं ते काळं धूड, विटेसारखं जड. दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभे राहिले. मग मला हळूच म्हणाले, "जन्मभर मालकाने घेतलेली गाडी चालवली. एक तरी इंजिन आपल्या पसंतीचं असू दे."

मी मान हलवली. किंमत सांगत नाही. सांगितली तर ऐकणाऱ्याला वाटेल, दोघांचीही डोकी एकदम फिरली.

ते कार्ड वीज एवढी खाणार होतं की आतला पॉवर सप्लायही बदलावा लागणार होता. दुकानवाली म्हणाली, डबा इथे आणा, दोन्ही बसवून देते. म्हणजे घरच्या सगळ्या वायरी सोडवायच्या आणि नंतर परत लावायच्या. ह्यांची एक पद्धत आहे. इंजिन उघडलं की प्रत्येक नळीला खूण करायची. जिथून काढली तिथेच परत लागली पाहिजे. तसंच इथे केलं. मी प्रत्येक वायरीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला आणि ती जिथून निघाली तिथे ह्यांनी त्याच रंगाचा ठिपका दिला. पडद्याच्या वायरीला लाल. डबा दुकानातून परत आला तेव्हा लाल लालला, हिरवी हिरव्याला, पिवळी पिवळ्याला. एकही चुकली नाही.

उद्घाटनाला लेक आणि जावई आले. वरच्या मजल्यावरच्या रिटायर झालेल्या बाईही आवाज ऐकून खाली आल्या. ह्यांनी ट्रक सुरू केला.

"बाबा, काय चाललंय, लोण्यासारखं," जावई म्हणाला.

"झाडाची पानं बघ ना," लेक म्हणाली. "एकेक वेगळं दिसतंय."

"मला तर वारासुद्धा लागला," वरच्या बाई म्हणाल्या.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्या खेळाकडे कधी नीट बघितलेलंच नव्हतं. मला काय कळणार, असा विचार करून मी म्हटलं, "छान आहे हो."

"वा," ते म्हणाले. "फारच फरक आहे."

त्यानंतर चार-पाच दिवस ते खेळायला बसले, पण बसणं वेगळं होतं. चष्मा काढायचे, पुसायचे, परत लावायचे. खुर्ची पुढे घ्यायचे, मागे घ्यायचे. मग एक दिवस कॉम्प्युटरवर जुनी चादर टाकून दिली. आणि त्याच आठवड्यात बसवर जायचं थांबले.

"गुडघा," मला म्हणाले. "मालकाकडे सुट्टी मागितलीय."

गुडघा दुखत होता हे खरं, पण तो आमची लेक शाळेत होती तेव्हापासून दुखत होता. गुडघ्यासाठी ह्यांनी एक फेरी कधी चुकवली नव्हती. सकाळी ऊन पार अंथरुणाच्या पायथ्याशी येईपर्यंत झोपायचे. मी शिवणयंत्र बाहेरच्या खोलीत ओढलं, म्हणजे आवाज नको. ह्यांना असं झोपलेलं बघून बरंही वाटायचं आणि धास्तीही वाटायची.

एका दुपारी मी एका पँटची शिवण उसवत बसले होते आणि हे समोर बसून खिडकीबाहेर बघत होते.

"काय झालंय ते सांगणार आहात, की मी मालकाला फोन करू?"

"डोळे गेले माझे," ते म्हणाले.

मी कात्री खाली ठेवली.

"एवढं मोठं कार्ड आणलं. सगळ्यांना फरक दिसला. जावयाला दिसला, पोरीला दिसला. वरच्या बाईंना मोतीबिंदू आहे, त्यांनासुद्धा दिसला. मला आरसे होते तसेच दिसतात. मागच्या लायसन्सच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले होतेच, बघू पुढच्या वेळी." बोलता बोलता त्यांनी माझ्या पुढ्यातली सुई उचलली, दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि एका झटक्यात ओवून मला परत दिली. रोज देतात तशीच.

मी सुईकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं.

"जवळचं दिसतं गं," ते म्हणाले. "रस्ता काय सुईच्या नेढ्यात असतो? बसभर माणसं मागे डोळे मिटून झोपलेली असतात. माझ्या भरवशावर. झाकली मूठ ठेवून कशी चालवू?"

"मलाही नाही दिसला."

"काय?"

"फरक. मला वाटलं, मला कळत नाही."

"मग छान आहे का म्हणालीस?"

"तुम्ही वा का म्हणालात?"

मी लेकीला फोन लावला आणि म्हटलं, देवाची शपथ घालत नाही, पण खरं सांग, त्या दिवशी तुला पानं दिसली का?

"आई, बाबा इतके उत्साहात होते. मला वाटलं, दिसत असतील."

मागून जावयाचा आवाज आला, "मी लोण्यासारखं म्हणालो ते आवाजाबद्दल म्हणालो होतो."

"राहू दे आता," लेक त्याला म्हणाली.

मग दुकानवालीला फोन केला. तिने एकच विचारलं, खेळ चालू असताना कार्डाचे पंखे फिरतात का. ह्यांनी चादर काढली, खेळ सुरू केला, मी डब्याला कान लावला. काही नाही. हात लावला तर बाजू थंडगार.

"काकू, स्क्रीनची वायर मागे कुठे लावलीये? वरच्या गर्दीत, की खाली आडव्या रांगेत?"

हे टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरले. गुडघा खरंच दुखला, तसा आवाज आला.

"वरच्या गर्दीत. लालला लाल."

"काढा आणि खाली लावा, ती रांग नव्या कार्डाची. वरची जागा जुन्या चित्राची. कार्ड बसवलंय, पण त्याला कोणी कामच सांगितलं नाही, काका."

"इथे ठिपका नाही," हे खालून म्हणाले.

"कसा असेल? ते आत्ता आलंय," मी म्हटलं.

वायर बदलली. पडदा काळा झाला, परत उजळला. खेळ सुरू केल्यावर डब्यातून पहिल्यांदा वाऱ्याचा आवाज यायला लागला. आणि आरसे दिसले. मलाही दिसले. डाव्या आरशात मागची निळी गाडी, तिच्या काचेवरचं ऊन, रस्त्याकडेचं गवत मागे मागे पळताना. पावसाचे थेंब आरशावरून तिरके घसरत होते आणि कुठे काही अडखळत नव्हतं. डोंगरसुद्धा डोंगरासारखे झाले होते.

"दिसतंय?" मी विचारलं.

"गाडीचा नंबर वाचता येतोय," ते म्हणाले.

मला वाटलं आता हसतील. त्यांनी ट्रक सावकाश रस्त्याच्या कडेला घेतला, थांबवला आणि हात मांडीवर ठेवले.

"म्हणजे डोळे चांगले आहेत."

"आहेत की."

"मग सोमवारपासून जावं लागेल."

हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज मी एवढ्या संसारात ऐकला नव्हता. रडका नव्हता. रिकाम्या पिंपातून येतो तसा. मी स्टूल ओढून बाजूला बसले.

"घाबरलो होतो गं," ते म्हणाले. "आंधळा होणार म्हणून घाबरलो होतो. पण झोप लागत होती. कित्येक वर्षांत अशी लागली नव्हती. रोज पहाटे चावी फिरवताना छातीवर कोणी बसल्यासारखं होतं. सगळी झोपलेली माणसं आणि एकटा मी जागा."

"कधी बोलला नाहीत."

"काय बोलू? थकलो म्हणून कोणी सोडतं का? काहीतरी मोडावं लागतं. गुडघा, डोळा, काहीतरी. मला वाटलं, चला, मोडलं एकदाचं."

"मी पण तुमच्याबरोबर उठते पहाटे. माझं काय मोडायचं ठरलंय?"

तेव्हा ते थोडेसे हसले.

तेवढ्यात मालकाचाच फोन आला. रोज यायचा, चौकशीला. ह्यांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. तो माणूस वाईट नाही. त्याला गाड्या वेळेवर निघायला हव्या असतात, इतकंच.

"काका, डोळ्यांचं काय म्हणाले डॉक्टर?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. गुडघा मला सांगितला होता, मालकाला डोळे. ते निमित्त अजून हाताशी होतं. मालकाने कागदही मागितला नसता.

"डॉक्टरकडे गेलोच नव्हतो. डोळे चांगले आहेत, मालक."

"अरे वा. मग सोमवारी या. तो नवा पोरगा ब्रेक असे मारतो की लोक तक्रार करतायत."

"नाही."

"मंगळवारी?"

"आता नाही येणार. थकलोय."

"म्हणजे झालंय काय?"

"काही झालं नाही. थकलोय."

"ताकदीचं काही औषध घेताय का? माझ्या सासऱ्यांना एक फार लागू पडलं."

"औषध नको, मालक."

पलीकडे कोणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, त्याची पिपाणी ऐकू येत होती. मालक म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत तरी, काका. माणूस मिळेपर्यंत."

माणूस मिळेपर्यंत म्हणजे काय ते मला माहीत होतं. लेकीच्या लग्नाआधी सुट्टी मागितली तेव्हाही हेच झालं होतं, माणूस काही मिळाला नव्हता. ह्यांचं तोंड उघडलेलं होतं, हो म्हणायला उघडतं तसं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पाठ लाकडासारखी ताठ होती.

"त्या पोराला माझ्याकडे पाठवा," ते म्हणाले. "ब्रेक कसा दाबायचा ते सांगतो. बसवर नाही येणार."

"बघा विचार करून," मालक म्हणाला.

"बघितला."

फोन ठेवल्यावर मी चहा टाकायला आत गेले. कप घेऊन आले तोवर हे खुर्चीतच झोपले होते, मान एका बाजूला, तोंड अर्धवट उघडं. पडद्यावर ट्रक कडेला उभा होता आणि आरशातून एकेक गाडी मागून येऊन पुढे निघून जात होती. कार्डाचे पंखे फिरत होते, वीज जात होती. ते बंद कसं करायचं मला ठाऊक नव्हतं, आणि विचारायला ह्यांना उठवावंसं वाटेना.