कड्यातली चावी

अनोखीबाई चपला घालून ओट्यावर आल्या, ही बातमी तळोद्याच्या त्या गल्लीत दूधवाल्याच्या आधी पोचली.

नथमलशेठ गेल्यापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. त्यांच्यात रीतच तशी. नवरा गेल्यावर बाईने पहिलं पाऊल बाहेर टाकायचं ते माहेरी जाण्यासाठी. भावाने जेवू घालायचं, नवी साडी द्यायची, आणि मग शोक उतरला असं धरायचं. त्यांच्या नवापूरच्या भावाने दोनदा दिवस ठरवला होता. एकदा अनोखीबाईंचा गुडघा दुखला. दुसऱ्यांदा कारणही सांगितलं नाही, नुसती कूस बदलली. आज मात्र मुलगी पुण्याहून रजा काढून आली होती, त्यामुळे त्या हो म्हणाल्या. रूपल आईला ओळखून होती. ही आता पुन्हा उंबऱ्याच्या आत गेली, तर 'शकुन नव्हता' म्हणेल आणि पुढचा पावसाळाही घरातच काढेल.

"चावी दे, मम्मी."

अनोखीबाईंनी कमरेचा जुडगा काढून दिला.

जुडगा म्हणजे चांदीचं एक जाडजूड कडं. सासूने लग्नात त्यांच्या कमरेला अडकवलेलं. त्यात तिजोरीच्या वीतभर लोखंडी चाव्या, दुकानाच्या, कपाटांच्या, कुठल्या तरी पेटीची एक, जिची पेटी आता सापडत नाही. शेठ असताना गाडीची एक चावी त्यांच्या खिशात असे आणि दुसरी दुकानाच्या गल्ल्यात. ते गेल्यावर अनोखीबाईंनी त्या दोन्ही चाव्या आणि स्कूटरची नवीन बटणाची चावीसुद्धा गोळा करून कड्यात ओवली होती. जड होतं ते. रूपलने दोन्ही हातांनी धरलं.

ती गाडीत बसली. सीट पार मागे सरकवलेली होती, पाय पेडलपर्यंत पोचेनात. क्षणभर तशीच बसली, मग खालचा दांडा ओढून सीट पुढे घेतली. जुडगा शेजारी ठेवला, ब्रेकवर पाय दिला, बटण दाबलं.

समोर अक्षरं उमटली: चावी सापडली नाही.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. काचेखाली लाल दिवा लुकलुकत राहिला.

"काय झालं?" ओट्यावरून प्रश्न आला.

"काही नाही. गरम होतेय."

"गरम व्हायला काय ती डाळ आहे?"

रूपलने गुपचूप दलपतला फोन लावला. दलपत बसस्टँडजवळचा गाडी मिस्त्री. कालच त्याने गाडीला नवी बॅटरी बसवली होती. तेव्हा हॉर्न वाजला, दिवे लागले. चालू करून बघायला चावी हवी होती, पण अनोखीबाई सामायिकाला बसलेल्या आणि जुडगा त्यांच्या कमरेला. ध्यानातून उठवायची हिंमत कोणाची? "उद्या सकायले देखू," म्हणून तो निघून गेला होता.

आता तो मोटारसायकलवरून आला, शर्टाच्या खिशात बारके सेल घेऊन. "ताई, चिंता करू नका. चावीना सेल उतरी गया व्हई." कड्यातल्या एका चावीचं झाकण नखाने उघडून त्याने नवा सेल बसवला. बटण दाबलं. चावी सापडली नाही.

"हां, मंग चावी बटनलेच लावनी. सेल नसना तरी आतली चिप वळखस." त्याने अख्खा जुडगा उचलून बटणाला टेकवला. तिजोरीची चावी डॅशबोर्डवर आपटली. लाल दिवा लुकलुकतच होता.

दलपतचा चेहरा डॉक्टरसारखा झाला. "इमोबिलायझर गया. कम्प्युटर. आते गाडी उचलीसन धुयाले न्हेनी पडी."

"धुळ्याला? किती दिवस?"

"देखा... आठ तरी."

अनोखीबाईंनी एक चप्पल काढली.

"मम्मी, थांब ना!"

"थांबलेच आहे की. इतके महिने थांबले. गाडीलाच जायचं नाही, तर मी कोण?" दुसऱ्या चपलेतूनही अंगठा बाहेर आला होता.

समोरच्या जसोदाबाई मघापासून मेथी निवडत हा तमाशा बघत होत्या. त्यांना राहवेना. "ओ भाभी, तुमनी गाडीले दोष देऊ नका! इतल्या सासवास्ना गराडामा नवी सून तोंड उघाडी का?"

गल्ली हसली. अनोखीबाईंनाही हसू आलं, ते त्यांनी पदराआड ढकललं. रूपल मात्र हातातल्या जुडग्याकडे बघत राहिली. लोखंडाच्या सात-आठ सासवा, चांदीचं कडं, आणि त्यांच्यात दोन काळ्या बारक्या सुना, एकमेकींना चिकटून. वर स्कूटरची तिसरी.

"दलपतभाऊ, दोन चिपा एकदम बटणाला लावल्या तर गाडी कोणती ओळखणार?"

दलपतने कपाळावर हात मारला. "एकबी नही! दोन्ही एकदम बोली ऱ्हायन्यात! आनि वरथून हाई लोखंड. काढा, एक चावी एकटी काढा."

"चावी निघणार नाही," अनोखीबाई म्हणाल्या.

हसणं थांबलं. हे रूपललाही ठाऊक होतं, फक्त तिच्या डोक्यातून गेलं होतं. त्या घराचा नियम होता: कड्यातून निघालेली चावी कड्यात परत येत नाही. ज्याच्या हातात पडली, त्याची वस्तू झाली. आजीने एकदाच चावी काढली होती, धाकट्या काकांच्या हातावर ठेवली होती, आणि त्या दिवसापासून गोदाम त्यांचं. कागद मागाहून झाले.

"मम्मी, मला नको गाडी. पुनीतदादालाही नको, त्याच्याकडे सुरतेला दोन आहेत. तू नुसती काढ, आपण येऊ, मग..."

"मग परत ओवू? सासूबाई वरून बघत असतील."

"मग चल. एसटीने जाऊ."

"या गुडघ्याने?"

दलपतने उगाच टायरला लाथ मारली. रूपल गाडीतून उतरली, ओट्याच्या पायरीवर आईच्या पायाशी बसली. जुडगा तिच्या मांडीवर ठेवला.

अनोखीबाईंनी तो चाळवला. एकेक चावी बोटाखालून गेली. मग काळ्या चावीपाशी येऊन त्या थांबल्या, आणि कड्याच्या फटीत नख घातलं. फट जुनी, घट्ट. रूपलने घ्यायला हात पुढे केला.

"हात मागे घे."

"अगं, मदत..."

"मागे घे म्हटलं ना!"

चावी निघाली. ती अनोखीबाईंच्याच तळहातावर पडली. त्यांनी मूठ मिटली आणि गल्लीकडे मान वर करून बघितलं, जणू साक्षीदार मोजत होत्या.

"माझ्या हातात पडली," त्या म्हणाल्या. "आजवर सगळ्यांचं सांभाळलं. ही माझी."

"भाभी गाडीवाली व्हयनी!" जसोदाबाईंनी मेथीची जुडी हवेत उडवली.

जुडगा घरात देवाजवळ राहिला. अनोखीबाई मूठ न उघडता पुढच्या सीटवर बसल्या. रूपलने बटण दाबलं आणि गाडी कोणतेही आढेवेढे न घेता सुरू झाली. दलपत म्हणाला, "बोलनू ना मी, सेलनाच प्रॉब्लेम व्हता," आणि कोणी काही म्हणायच्या आत मोटारसायकलला किक मारली.

हातोड्याच्या पुलावरून त्यांनी तापी ओलांडली. नंदुरबार जवळ आलं तशी दोन्ही बाजूंना वाळत घातलेली मिरची दिसू लागली, शेतंच्या शेतं लाल.

"थांबव," अनोखीबाई म्हणाल्या.

"मम्मी, मामा वाट बघतायत."

"थांबव. आणि गाडी बंद कर, फुकट पेट्रोल जळतं."

त्या उतरल्या. गुडघा धरत, पण उतरल्या. मिरची निवडणाऱ्या बायकांपाशी जाऊन त्यांनी एक मिरची उचलली, देठ मोडला, वास घेतला, सणसणीत शिंकल्या आणि भाव विचारला. मग त्या बायकांत अशा काही बसल्या, की लांबून कोण मालकीण आणि कोण मजूर ते कळेना. वारा फिरला. तिखट झोत गाडीत आला. काच वर घ्यायची म्हणून रूपलने गाडी सुरू करायचं बटण दाबलं.

चावी सापडली नाही.

"मम्मी! चावी!"

अनोखीबाईंनी मूठ वर करून दाखवली, आहे म्हणून, आणि पुन्हा बोलण्यात गुंतल्या.

फोन वाजला. मामा होते. "अगं, कुठवर आलात? पानं मांडायची खोळंबलीत."

"नंदुरबारच्या अलीकडे. मिरचीत."

"मग निघा की! तिला आत बसव."

"ती आत यायला तयार नाही, मामा."

"म्हणजे... बाहेर आहे ती?"

"बाहेर आहे," रूपल म्हणाली, आणि शिंकत शिंकत गाडीचं दार उघडून तिकडे चालू लागली.